थोरल्याची काठी

दादा वरून खाली आला आणि आमच्या घराचा उंबरा झिजायला लागला. वरून म्हणजे आभाळातून, आभाळाच्याही पल्याडून, परक्या देशाच्या यानातून. तो कसा गेला, किती दिवस राहिला, तिथं काय केलं, हे सगळं पुस्तकांत आलंय. माझ्या नातवाला शाळेत त्याच्यावर धडा होता, तो त्यानं घडाघडा पाठ केला होता. ते मी परत लिहीत नाही. मी चौथी नापास माणूस. पण ती पुस्तकं लिहिणारे कधी आमच्या चुलीपाशी बसले नाहीत, म्हणून त्यांना जे ठाऊक नाही तेवढंच लिहितो. शुद्धलेखन नातसुनेनं बघितलंय. तिनं काही वाक्यं सुधारली होती, ती मी परत माझी करून घेतली.

आमचं घर तासगावापासून एसटीनं थोडं पुढं, गावाबाहेर बागेत. पुढं अंगण, मागं द्राक्षाचा मांडव आणि मांडवाच्या कडेला बेदाण्याचं शेड. फाल्गुन-चैत्रात त्या शेडचा आंबटगोड वास सगळीकडं असायचा; कपड्यांना, केसांना, पिठाच्या डब्यालासुद्धा. सकाळचा पहिला आवाज आबांच्या खाकरण्याचा. आबा म्हणजे वडील, पलटणीत हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. मग त्यांचा रेडिओ, मग आईचं भाकरी थापणं. आम्ही दोघं भाऊ. मधली भावंडं जगली नाहीत, त्यामुळं दादा माझ्याहून बराच मोठा आणि मी त्याच्या कडेवर वाढलेला. तो साताऱ्याला शाळेला निघाला तेव्हा मी एसटीच्या मागं रडत पळालो म्हणतात. मला आठवत नाही, आणि आठवत असतं तरी लिहिलं नसतं. तो शिकला, हवाई दलाच्या विमानात गेला. मी बागेत गेलो. मला शाळेतून कुणी काढलं नाही. मास्तरांनी छडी मारली, मी ती घेऊन मोडली, तुकडे त्यांच्या टेबलावर ठेवले आणि घरी आलो. आबांनी वर आणखी मारलं, पण शाळेत काही गेलो नाही.

दादा खाली आल्याची बातमी रेडिओवर लागली त्या दिवसापासून माणसं यायला लागली. दादा तिकडं परदेशात डॉक्टरांच्या ताब्यात, आणि माणसं आमच्याकडं. मिरजेची, कवठ्याची, पार जतकडची. तो लहानपणी झोपायचा ती बाज बघायची, ज्या विहिरीत पोहला ती विहीर बघायची. एकानं अंगणातली माती रुमालात बांधून नेली. आई चहा करून करून वैतागली. म्हणायची, "पोरगं आभाळात गेलं आन् मी चुलीत गेले." पण आलेल्याला चहा दिल्याशिवाय सोडायची नाही, आणि दादानं लहानपणी कुठल्या झाडावरून पडून हात मोडला ते प्रत्येकाला नव्यानं सांगायची. झाड दर वेळेला थोडं उंच व्हायचं.

दिल्ली-मुंबईचे सत्कार उरकून दादा घरी आला तो चैत्रात, जत्रेच्या आठवड्यात. बरोबर वहिनी. वहिनी वाईच्या, बोलायला मऊ, पण नजर बारीक. दादा जीपमधून उतरला तेव्हा मला तो लहान झाल्यासारखा वाटला. गालाची हाडं वर आलेली. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि तिथंच तोंडावर हात ठेवून रडायला लागली. "काय खायाला घालत व्हते रं तुला तिथं?" दादा म्हणाला, "नळीतनं पेस्ट, आई." आईनं आयुष्यात पेस्ट फक्त दात घासायची बघितलेली. तिनं त्या देशाला जी शिवी दिली ती नातसून लिहू देत नाही.

आईला एकच करायचं होतं, त्याला पोटभर जेवू घालायचं. आणि तेच होत नव्हतं. वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, गरम भाकरी, वर लोणी, ताट वाढलं की दारात कुणीतरी हजर. सायेब, निस्ता हात लावू द्या. सायेब, पोराच्या डोक्यावर हात ठेवा. एका शाळेचे मास्तर सगळा वर्ग रांगेनं घेऊन आले. दादा उष्टा हात धुऊन उठायचा, हसायचा, फोटो काढून घ्यायचा, परत बसायचा, तोवर भाकरी वातड झालेली. मी एकदा दाराला आतून कडी घातली तर आबांनी ती काढली. म्हणाले, "ती माणसं त्याच्यासाठी आल्यात. त्यो आता आपल्या एकट्याचा न्हाई." हे आबांनी छाती काढून म्हटलं आणि आईनं ते ऐकून ताट झाकलं.

त्यातलीच एक म्हातारी मला आजही दिसते. मेंढरामागं फिरणाऱ्या माणसांतली, आटपाडीकडची, हातात काठी. ती चौकटीला टेकून बसली आणि म्हणाली, "आरं लेकरा, वर आमचा धनी दिसला का? म्हैना झाला जाऊन." बाकीचे हसले. दादा हसला नाही. उठून तिच्यापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "आजी, त्ये लय उंच गेलं असतील. मी तेवढ्या उंच न्हाई गेलो." म्हातारीला ते पटलं. तिनं त्याच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि गेली. दादाबद्दल पुस्तकात काहीही लिहिलेलं असू दे, मला विचाराल तर तो हा असा होता.

आता काठीचं सांगतो. आमच्या गावच्या देवाची सासनकाठी आहे. म्हणजे घराहून दुप्पट-तिप्पट उंच बांबू, अंगाला कापड गुंडाळलेलं, टोकाला निशाण. चार बाजूंना चार दोर, ते धरायला गडी. पण वजन सगळं एकाच्या अंगावर. कमरेला शेला आवळून बांधायचा, काठीचं बूड त्यात टेकवायचं आणि हलगीवर नाचत देवळापासून ओढ्यापर्यंत जायचं. त्यातली मेख अशी की काठीवाल्यानं पायाकडं बघायचं नाही. मान मागं टाकून नजर सारखी टोकाच्या निशाणावर ठेवायची. निशाण ज्या अंगाला कललं त्या अंगाला पाय आपोआप गेला पाहिजे. खाली बघितलं की काठी गेलीच. तिचा मान आमच्या घराचा, आणि घरातल्या थोरल्याचा. थोरला गावात असेल आणि धडधाकट असेल तर त्यानंच उचलायची. दादा फौजेत म्हणून इतकी वर्षं आबा उचलत होते आणि मी दोराला असायचो. पण आबांचा गुडघा गेलेला. त्यांनी फाल्गुनातच गावाला सांगून टाकलं होतं की यंदा काठी सर्जेराव घेणार. सर्जेराव म्हणजे दादा. गावाला तर उधाण आलं. आभाळात जाऊन आलेला माणूस, त्याला बांबूचं काय ओझं! लोकांचा हिशेब सरळ होता, की एवढ्या वर गेलेल्या माणसाच्या अंगात दहा माणसांचं बळ आलेलं असणार. पुण्याहून पेपरवाले येणार होते. कुठल्यातरी मोठ्या साहेबांचाही निरोप आला होता.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी दादा मला म्हणाला, "चल, शेडात काम करू." घरातून बाहेर पडायला त्याला तेवढंच निमित्त. शेडात माणसासारखा माणूस होता तो. एकावर एक जाळ्या ताणलेल्या असतात, त्यावर वाळत घातलेली द्राक्षं हातानं हलवून मोकळी करायची. आम्ही खालच्या जाळ्यांवर हात फिरवत होतो, लहानपणीच्या मास्तरांना नावं ठेवत होतो. मी म्हटलं, "वरच्या जाळीतलं बघ बरं वाळलंय का." दादानं मान वर केली आणि भिंत कोसळावी तसा आडवा झाला. जाळी फाटली, बेदाणा सगळा त्याच्या अंगावर. मला आधी वाटलं थट्टा करतोय. मग बघितलं तर त्यानं दोन्ही हातांनी जमीन धरली होती. आपण खाटेची कड धरतो तशी सपाट जमीन धरली होती.

"दादा! आईला बोलवू का?"

"कुणाला बोलवू नगंस. जरा थांब. थांबतंय त्ये."

थांबलं. मग त्यानं बेदाणा झटकत सांगितलं. तिथं राहून कानातलं काहीतरी बिघडलं होतं. खाली बघितलं, समोर बघितलं, काही होत नाही. मान मागं टाकली की वर कुठं, खाली कुठं, हेच कळत नाही. डॉक्टर म्हणालेत बहुतेक जाईल, पण पुढच्या महिन्यात तपासणी आहे. खुर्चीत बसवून गरागरा फिरवतात आणि मग ठरवतात, याला परत विमान द्यायचं का नाही.

"आन् न्हाई दिलं तर?"

 दादानं एक बेदाणा उचलला, खाल्ला नाही, बोटांत फिरवत राहिला. "बापू, मला दुसरं काय येतं रं? हार घालून घ्यायला? आल्यापासून त्येच करतोय. त्या विमानात बसलो की मानसांचा गलका न्हाई, सायेब न्हाई, सही न्हाई. त्येवढं गेलं तर मी संपलो."

"मग उद्या काठी उचलू नगंस."

"काय सांगू आबास्नी? आजारी हाय म्हनून सांगू? पेपरवाले बसल्यात. परवा छापून येईल, तेरवा दिल्लीला कळंल. तपासणीआधीच घरी बसवतील." मग हसला. "उचलतो. निशाणाकडं न बघता जमंल."

मी बेदाणा गोळा करायला लागलो. ज्यानं काठीचा दोर धरलाय त्याला माहीत असतं की ते जमत नाही. ती काठी पडली तर नुसती पडत नाही, माणसं मारते.

त्या संध्याकाळी मी जेवलो आणि पडून राहिलो, आणि पडल्या पडल्या ठरवलं. दादाला सांगितलं नाही, कारण तो नको म्हणाला असता. आबांना सांगितलं नाही, कारण आबांच्या पोटात काही राहत नव्हतं. थोरला आजारी असेल तर धाकटा काठी घेऊ शकतो, पण मग आजार काय ते गावाला सांगावं लागतं. राहिलं भांडण. आजार म्हटलं की गाव चार डॉक्टर सुचवतं आणि आठ प्रश्न विचारतं. भावाभावाच्या भांडणाचं कारण कुणी विचारत नाही. ते ज्याच्या त्याच्या घरात असतंच.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी तापवून झालेली, गुलालानं हवा गुलाबी. काठी आडवी ठेवलेली, तिच्या टोकाला नवं निशाण. दादाच्या डोक्याला फेटा, पेपरवाल्यांचे कॅमेरे त्याच्यावर. आबा आपल्या हातानं त्याच्या कमरेला शेला बांधायला पुढं झाले. तो शेला इतकी वर्षं आबांच्या कमरेला होता. माझा त्या एका गोष्टीनं पाय मागं येत होता. पण मी गर्दीतून शिरलो आणि शेल्याचं दुसरं टोक धरलं.

"आबा, काठी मी घेणार."

"आरं सर की मागं. दोराला जा."

"दोराला न्हाई जाणार. काठी माझी."

हलगी बंद पडली. आबा माझ्याकडं बघत राहिले. "थोरला हुबा हाय म्होरं. तुला काय येड लागलंय?"

"थोरला!" मी ओरडलो. मला मोठ्यानं बोलायची सवय होतीच. "थोरला कवा असतो हितं? रान कुनी बघितलं? तुमचा गुडघा गेला तवा सांगलीच्या दवाखान्यात पाठीवर कुनी न्हेलं? मी दोर धरायचा, मी शेण काढायचं, आन् फोटू काढायची येळ आली की काठी थोरल्याची व्हय? त्यो पावना हाय ह्या घरात. पावन्यानं जेवावं आन् जावं."

हे बोलायचं म्हणून बोललो. पण बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मला शब्द शोधावे लागत नाहीत. ते आतमध्ये रांगेनं उभेच होते. त्याची मला तिथंच भीती वाटली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आगं आय आय, सख्खा भाऊ बघा." एक म्हातारा माझ्याकडं बघून थुंकला. आबांनी हात उगारला.

तो हात दादानं धरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला त्या क्षणी काही कळलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्याला ते सगळं खरंच वाटलं होतं. तो माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं बघू शकत नव्हतो. मग त्यानं कमरेचा शेला सोडला. "आबा, घेऊ द्या त्याला," तो म्हणाला. "बरोबर बोलतोय त्यो." आणि माझ्या कमरेला त्यानं स्वतः शेला बांधला. तिसरी गाठ मारताना त्याचे हात थांबले. मान वर न करता, माझ्या पोटाशी तोंड ठेवून हळूच म्हणाला, "गाढवा." तेव्हा कळलं की त्याला कळलं.

मी काठी उचलली. पहिल्यांदाच. तिचं वजन काय सांगू! पहिली दहा-वीस पावलं वाटलं की कंबर तुटणार. मग हलगी सुरू झाली, मी मान मागं टाकली, निशाण दिसलं आणि बाकी जगात काही राहिलं नाही. चांगभलं म्हणायचं असतं ते गाव म्हणालं, पण माझ्यासाठी नाही, देवासाठी. ओढ्यापर्यंत गेलो. काठी एकदाही कलली नाही.

घरी आलो तेव्हा आबा पाठ करून बसले होते. ते माझ्याशी बोलले ते थेट द्राक्षाच्या पुढच्या छाटणीला, आणि तेव्हाही कात्री कुठं आहे एवढंच. आईनं पुरणपोळीची ताटं वाढली. गर्दी पांगली होती. भावाभावात फाटलंय म्हटल्यावर माणसं दारात यायला कचरली, त्यामुळं दादा त्या दिवशी पहिल्यांदा न उठता जेवला. चार पोळ्या खाल्ल्या. आईनं पहिली पोळी मात्र त्याला वाढली नाही. मला वाढली. वर तूप घातलं, ते ओघळून ताटात आलं तरी घालत राहिली.  शेडातली फाटकी जाळी तिनं आदल्या संध्याकाळीच दाभण घेऊन शिवली होती, हे मला नंतर कळलं.

वहिनींनीही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी निघताना फक्त म्हणाल्या, "भाऊजी, पुण्याला या. राहायला या." दादा मला बांधापर्यंत घेऊन गेला.

"काल बोललास ते खरं का खोटं?"

"आर्धं आर्धं."

"कुठलं आर्धं खरं?"

"ते सांगणार न्हाई."

तो हसला, मग हसायचा थांबला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून परत जीपकडं वळला. पुढच्या आठवड्यात पेपरात फोटो आला, माझ्या कमरेला शेला बांधणाऱ्या दादाचा. खाली लिहिलं होतं की एवढी कीर्ती मिळूनही धाकट्या भावाला मान देणारं हे मन बघा. म्हणजे माझ्या भांडणातूनही मोठा तोच झाला. मला राग आला होता. आता हसायला येतं.

तपासणीत दादा पास झाला. खुर्चीनं काही त्याला पाडलं नाही. पण विमान त्याला तरीही दिलं नाही. वरच्यांनी सांगितलं, तुमच्यासारखा माणूस देशाला एकच आहे, तुम्हाला काही झालं तर आम्ही काय तोंड दाखवायचं? त्याला जपून ठेवलं. एखाद्या घरात चांदीचं ताट असतं, ते सणाला काढून पुसतात आणि परत ठेवतात, तसं. पुढं आयुष्यभर त्यानं शाळांचे बक्षीस समारंभ केले, फिती कापल्या. विमानात बसायचा तो खिडकीशी, इतरांसारखं तिकीट काढून. ते मला त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मी बागेत जाऊन उगीचच पाणी सोडून बसलो. मी गावापुढं तोंड काळं करून घेतलं ते ज्याच्यासाठी, ते त्याला मिळालंच नाही. पण तेव्हा हे कुणाला माहीत होतं? आणि माहीत असतं तरी मी काठी पडू दिली नसती.

आबा गेले तोवर त्यांना खरं सांगितलं नाही. शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, "बापू, तू वागलास वंगाळ. पर काठी सरळ धरलीस." माझं त्यात भागलं.

काठी तेव्हापासून माझ्याकडं राहिली. मग माझ्या मुलाकडं, आता नातवाकडं. गावात अजून जुनी माणसं आहेत, ती मला बघून पोरांना सांगतात, ह्यानं थोरल्याचा मान ओढून घेतला. परवाच्या चैत्रात दादा आला होता. दोघंही आता काठी टेकत चालतो, पण वेगळ्या काठीनं. देवळाच्या पारावर बसलो होतो, नातू नाचत होता. दादा म्हणाला, "बापू, आता सांगून टाकू गावाला. माईक हाय. मी बोलतो."

"खबरदार," मी म्हटलं. "तू खरं सांगशील आन् गाव म्हनंल, मग मान थोरल्याच्या घरात परत द्या. तुझा पोरगा अमेरिकेत. काठी कोन घेणार, विमान? काठी माझ्या घरात हाय, तितंच राहणार. मी हवं तर लिहीन. माझं कोन वाचतंय!"

दादा खूप हसला, खोकला येईस्तोवर हसला. मग डोळे पुसत नातवाकडं बघत राहिला. सगळी दुनिया या माणसाला आयुष्यभर एकच विचारत आली की वरून काय दिसलं, आणि त्यानं ते हजार सभांत सांगितलं. त्यानं मला विचारलं, "आन् खालनं काय दिसतं रं? काठी घेतल्यावर?"

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं.

"निशाण," मी म्हटलं. "दुसरं काय बघायला येळच मिळत न्हाई."

"नशीबवान हायस," दादा म्हणाला, आणि हळूहळू, माझा दंड धरून, त्यानं मान वर केली.